चांदीचे फोटो, साधी चौकट

मुलांनो, तुमच्या घरात एखादा काळा-पांढरा फोटो आहे का? जरा आठवून पाहा बरं! देवघराच्या बाजूला, माळ्यावरच्या ट्रंकेत, आईच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली, कुठे ना कुठे सापडेलच. टोपी घातलेले पणजोबा, नऊवारीतली पणजी, नाहीतर शाळेच्या पायऱ्यांवर रांगेत बसलेली पोरं. सगळे कसे गंभीर चेहऱ्याने आपल्याकडे बघत असतात. जणू काही आपणच गृहपाठ केलेला नाही!

असा फोटो भिंतीवर नीट लावायचा कसा, त्याला चौकट कोणती निवडायची, तो टिकवायचा कसा, हे आज आपण पाहणार आहोत. ‘त्यात काय शिकायचं? दुकानात द्यायचा, फ्रेम करून आणायची, खिळा ठोकायचा!’ असं तुम्ही म्हणाल. मीही अगदी हेच म्हणत होते. आणि त्यापायी मी काय घालवून बसले, ते आधी ऐका.

माझी चूक

माझं माहेर कोकणात. आजोबा मुंबईला गिरणीत कामाला होते. एकदा शिमग्याला गावी आले, तेव्हा आजीला घेऊन तालुक्याला गेले आणि दोघांनी स्टुडिओत फोटो काढला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि तळं. आजोबा नक्षीच्या खुर्चीत बसलेले आणि आजी शेजारी उभी, तिचा एक हात खुर्चीच्या पाठीवर. आजीचा तरुणपणीचा हा एवढा एकच फोटो. दुसरा नाहीच.

घरात तो जुन्या, वाळवी लागलेल्या चौकटीत होता. मला नोकरी लागली तेव्हा वाटलं, आजीला काहीतरी छान द्यावं. मी तो फोटो काढून नेला आणि दुकानातली सगळ्यांत चकचकीत सोनेरी पट्टी निवडली. काच थेट फोटोवर बसवली गेली. मध्ये काही ठेवायला हवं, हे मला ठाऊक नव्हतं आणि मी विचारलंही नाही. वर तो लावला कुठे? तर पावसाचा मारा लागणाऱ्या भिंतीवर!

दोन पावसाळे गेले. एक दिवस पाहते तर काचेच्या आत ओला डाग पडल्यासारखं दिसलं. मी चौकट उघडली. फोटो काचेला चिकटला होता. मी तो हळूच ओढला. आणखी थोडा ओढला. आणि काय सांगू! आजीचा चेहरा काचेवर राहिला आणि माझ्या हातात नुसता पांढरा कागद आला.

मी रडवेली होऊन आजीपुढे जाऊन उभी राहिले. ती कितीतरी वेळ तो फोटो बघत होती. मग म्हणाली, “असू दे गं. खुर्चीवरचा हात आहे ना माझा! बांगड्या दिसतायत. पुष्कळ झालं.”

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. आता आजी नाही. म्हणून हा लेख लिहिते आहे, तुमच्या घरातला चेहरा काचेवर राहू नये म्हणून!

फोटोत चांदी असते!

आधी हे समजून घेऊ, की फोटो काचेला चिकटलाच कसा?

जुना काळा-पांढरा फोटो शाईने छापलेला नसतो. तो चांदीने काढलेला असतो. हो, खरीखुरी चांदी! फोटोच्या कागदावर जिलेटिनचा एक पातळ थर असतो. जेली करताना वापरतात तोच हा पदार्थ. जनावरांची हाडं आणि कातडी यांपासून तो तयार करतात. या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक बारीक कण मिसळलेले असतात. त्या क्षारांवर प्रकाश पडला की त्यांच्यात बदल होतो. मग अंधाऱ्या खोलीत तो कागद एका रसायनात बुडवला, की जिथे प्रकाश पडला होता तिथे क्षारांची चांदी होते. तुम्ही म्हणाल, चांदी तर चमकते, मग फोटो काळा कसा? अहो, हे कण इतके बारीक असतात, की ते चमकत नाहीत, काळे दिसतात. जिथे कण दाट तिथे काळं, जिथे विरळ तिथे राखाडी आणि जिथे नाहीतच तिथे कागदाचा पांढरा रंग. नंतर उरलेले क्षार ‘हायपो’ नावाच्या रसायनाने काढून टाकतात आणि फोटो भरपूर पाण्यात धुतात. तुमच्या पणजीच्या डोळ्यांतली ती काळी बाहुली म्हणजे चांदीचा चिमूटभरही नसेल एवढा ढीग आहे!

आता कोडं सुटेल. दमट हवेत जिलेटिन ओलावा शोषतं, फुगतं आणि चिकट होतं. समोर थेट काच असली की तिला धरून बसतं. हवा कोरडी झाली की तिथेच घट्ट होतं. मग ओढलं की चांदीसकट थर कागदापासून सुटतो आणि काचेवर राहतो.

आणखी एक गंमत बघा. आईचे चांदीचे पैंजण कसे काळवंडतात? हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे. फोटोतल्या चांदीलाही असाच त्रास होतो. जुना फोटो तिरका धरून बघा. काळ्या भागांत, विशेषतः कडेला, आरशासारखी निळसर चमक दिसते का? ती वर आलेली चांदीच. फोटो पिवळा-तपकिरी पडला असेल, तर बहुधा तो काढणाऱ्याने घाईत नीट धुतला नसावा. मग हायपो मागे राहतं आणि वर्षानुवर्षं हळूहळू आपलं काम करत बसतं.

हे वेड आलं कुठून?

1839 साली फ्रान्समध्ये लुई दागेर याची फोटो काढण्याची रीत जगापुढे आली. आपल्याकडे हे वेड लवकरच पोचलं. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झालीसुद्धा! भाऊ दाजी लाड हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मुंबईतल्या भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला त्यांचं नाव आहे. त्यांचे भाऊ डॉक्टर नारायण दाजी हे उत्तम छायाचित्रकार होते. राजा दीनदयाळ यांनी तर राजवाडे, किल्ले, देवळं यांचे सुंदर फोटो काढले. आणि आपले दादासाहेब फाळके! सिनेमा काढण्याआधी गोध्रा इथे त्यांचा फोटो स्टुडिओ होता.

दादासाहेबांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली मुंबईत झळकला. त्याच वर्षी होमाई व्यारावाला यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत त्या शिकल्या आणि भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून नावाजल्या. देश स्वतंत्र झाला त्या काळातले त्यांचे फोटो काळे-पांढरेच आहेत. मिळाले तर जरूर बघा. रंग नसतानाही गर्दीतल्या माणसांच्या चेहऱ्यावरचा आनंद कसा उठून दिसतो, ते कळेल.

लाल की पांढरा?

आता चौकटीकडे वळू. मी माझ्या चौथीच्या वर्गात एक प्रयोग केला. तुम्हीही घरी करा. एका काळ्या-पांढऱ्या फोटोची प्रत घेतली आणि तिच्यामागे एकेक रंगीत कार्डशीट धरलं. लाल, पिवळं, निळं, काळं आणि सायीसारखं पांढरट. “कोणतं छान दिसतं?” असं विचारलं. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “लाल, बाई, लाल!”

मग मी म्हटलं, “आता डोळे मिटा. काय दिसतंय?”

“लाल रंग!”

“आणि फोटोत कोण होतं?”

वर्ग गप्प. शेवटच्या बाकावरून एक जण हळूच म्हणाला, “बाई, कोणीतरी होतं.”

मग पांढरट कागद धरून तोच प्रश्न विचारला. आता उत्तरं आली, “म्हातारे आजोबा”, “त्यांच्या हातात काठी होती”, “शर्टाचं एक बटण तुटलं होतं”. बघा! बटणसुद्धा दिसलं!

यातच चौकट निवडण्याचं सगळं गुपित आहे. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग नसतात, असतात फक्त उजेड आणि सावली यांच्या छटा. भडक रंग शेजारी आला की आपले डोळे तिकडेच धावतात आणि त्या नाजूक छटा बिचाऱ्या मागे पडतात. चौकटीचं काम पाहुण्याला दारातून आत घेण्याचं. तिने स्वतःच दारात उभं राहून गप्पा मारायच्या नाहीत!

तेव्हा हे लक्षात ठेवा.

फोटोच्या भोवती जो जाड कागदाचा मोकळा पट्टा असतो, त्याला दुकानात ‘माउंट’ म्हणतात. तो पांढरा किंवा सायीच्या रंगाचा घ्यावा. फोटोचा कागद जुना होऊन पिवळसर झाला असेल, तर पांढराशुभ्र माउंट नको. त्याच्याशेजारी फोटो मळका वाटतो. तिथे सायीचाच रंग बरा.

चौकटीची पट्टी साधी आणि अरुंद असावी. काळी पट्टी बहुतेक फोटोंना शोभते. तपकिरी झाक असलेल्या जुन्या फोटोंना सागवानी लाकडाची पट्टी छान दिसते. फोटोत अंधार जास्त असेल तर माउंट थोडा रुंद ठेवावा, म्हणजे फोटोला श्वास घेता येतो. सोनेरी नक्षीची पट्टी वाईट असते असं मुळीच नाही. घरातल्या जुन्या तसबिरींना ती असेल तर राहू द्या. तो त्या घराचा इतिहास आहे. पण नवी घेताना मात्र प्रयोगातला लाल कागद आठवा.

साधी काच स्वच्छ दिसते आणि तिच्यावर सहजी ओरखडे पडत नाहीत. लहान भावंडं असतील तिथे अॅक्रिलिक बरं. ते हलकं असतं, काचेसारखं सहज फुटत नाही. मात्र त्यावर ओरखडे लवकर पडतात आणि कोरड्या फडक्याने पुसलं की धूळ आणखीनच येऊन चिकटते. का ते सांगा पाहू! केसांवर घासलेली फुटपट्टी कागदाचे कपटे कशी उचलते, ते आठवा.

माउंटचं खरं काम

माउंट नुसता शोभेला नसतो, बरं का! तो फोटो आणि काच यांच्यामध्ये थोडी जागा ठेवतो. काच फोटोला टेकतच नाही, मग चिकटणार कशी? माझ्या आजीचा फोटो वाचवायला एवढा एक कागद पुरेसा होता.

पण कागदही पारखून घ्यायला हवा. वर्तमानपत्राचा तुकडा घ्या. त्याच्या अर्ध्या भागावर जाड पुस्तक ठेवा आणि उन्हात आठ दिवस राहू द्या. उघडा भाग पिवळा पडलेला दिसेल. स्वस्त कागदात लाकडातला लिग्निन नावाचा घटक उरलेला असतो. उजेडाने आणि हवेने तो पिवळा होतो आणि त्यातून आम्ल तयार होतं. ते आम्ल शेजारच्या फोटोलाही लागतं. म्हणून फोटोच्या मागे वर्तमानपत्र किंवा खोक्याचा पुठ्ठा कधीही घालू नये. दुकानात ‘अॅसिड-फ्री’ माउंट बोर्ड मागावा. आईबाबांनो, पट्टीवर चार पैसे कमी खर्च करा, पण इथे करू नका.

चला, हिशेब करू

हे गणित वहीत करून बघा.

समजा, आपला फोटो 12 सें.मी. रुंद आणि 17 सें.मी. उंच आहे. माउंटची खिडकी फोटोपेक्षा थोडी लहान हवी, नाहीतर फोटो खिडकीतून बाहेर पडेल! प्रत्येक बाजूने अर्धा सें.मी. कमी केला की खिडकी झाली 11 बाय 16. आता डावीकडे, उजवीकडे आणि वर 5 सें.मी.चा पट्टा ठेवू आणि खाली 6 सें.मी.चा. खाली एक सें.मी. जास्त का? कारण सगळीकडे सारखा पट्टा ठेवला तर डोळ्यांना फोटो खाली घसरल्यासारखा वाटतो. तेव्हा रुंदी 5 + 11 + 5 = 21 सें.मी. आणि उंची 5 + 16 + 6 = 27 सें.मी.

आता पट्टी. पट्टीच्या आतल्या बाजूला एक खाच असते, तिच्यात काच, माउंट, फोटो आणि मागची पाठ एकावर एक बसतात. आपली पट्टी 2 सें.मी. रुंद आहे आणि खाच अर्ध्या सें.मी.ची आहे असं धरू. म्हणजे प्रत्येक बाजूला दीड सें.मी. वाढेल. चौकटीचं बाहेरचं माप झालं 24 बाय 30. चारही बाजूंची बेरीज 108 सें.मी. चौकट करणारे काका टोकं 45 अंशांत तिरकी कापतात, त्यात थोडी पट्टी वाया जाते. म्हणून चार फूट, म्हणजे सुमारे 122 सें.मी. पट्टी हवी. दुकानात जाऊन सांगा, “काका, चार फूट पट्टी लागेल ना?” ते तुमच्याकडे चमकून बघतात की नाही, पाहा!

माउंटची खिडकी मात्र मोठ्या माणसाकडूनच कापून घ्या. धारदार पातं बोटाला माउंटपेक्षा लवकर कापतं.

गोंद नको, कोपरे करा

फोटोच्या पाठीला गोंद किंवा चिकटपट्टी लावायची नाही. कधीच नाही! एकदा लावलेला गोंद सुटत नाही आणि वर डाग पाडतो. मग फोटो बसवायचा कसा? जुन्या अल्बममध्ये काळ्या पानांवर कागदाचे छोटे कोपरे असत, तसे आपण घरी करू.

चांगल्या पांढऱ्या कागदाची 2 सें.मी. रुंद आणि 6 सें.मी. लांब पट्टी आडवी धरा. तिची दोन्ही टोकं मधोमध खाली दुमडा. वर टोक असलेला त्रिकोण तयार होईल, जणू कौलारू घराचं छप्परच. असे चार कोपरे करा आणि फोटोच्या चारही कोपऱ्यांत अडकवा. मग कोपऱ्यांना, फक्त कोपऱ्यांनाच, गोंद लावून ते मागच्या बोर्डावर चिकटवा. फोटोला गोंदाचा थेंबही लागत नाही आणि वाटेल तेव्हा तो सरकवून बाहेर काढता येतो.

सगळं बसवून झालं, की चौकटीच्या मागच्या फटीवर कागदी पट्टी चिकटवून घ्या. म्हणजे धूळ आत जात नाही आणि कसरही! कसर म्हणजे जुन्या पुस्तकांतून सुळकन पळणारा तो चंदेरी किडा. त्याला कागद आवडतो, गोंद आवडतो आणि जिलेटिन तर फारच आवडतं.

भिंतीवर कुठे?

जुन्या घरांत तसबिरी छताच्या खाली उंच लावत. वरची बाजू पुढे झुकलेली असे, म्हणजे खालून बघणाऱ्याला नीट दिसावं. त्या झुकलेल्या तसबिरींच्या मागे चिमण्या घरटी करत! माझी आजी सांगायची, पिलं मोठी होईपर्यंत ती तसबीर कोणी पुसत नसे. चिमण्यांसाठी ती पद्धत झकास होती. पण फोटोतल्या बटणापर्यंत आपले डोळे पोचायचे तर फोटो डोळ्यांसमोर हवा.

मोठ्या माणसांसाठी फोटोचा मध्य जमिनीपासून सुमारे 150 सें.मी. उंचीवर ठेवतात. आमच्या वर्गात आम्ही 120 सें.मी. ठेवला, कारण बघणारे चौथीचे! मग खिळा कुठे ठोकायचा? तो मध्यावर ठोकून चालत नाही. आपली चौकट 30 सें.मी. उंच, तिचा निम्मा भाग 15. मागची दोरी ताणून धरली तर चौकटीच्या वरच्या कडेपासून 5 सें.मी. खाली येते. म्हणजे खिळा मध्यापासून 10 सें.मी. वर, जमिनीपासून 130 सें.मी. उंचीवर. खिळा ठोकण्याआधी हे मोजलं, तर भिंतीला चाळणी होत नाही.

बरेच फोटो एकत्र लावायचे असतील तर आधी जमिनीवर मांडून बघा. दोन चौकटींमध्ये पाच-सहा सें.मी.चं सारखं अंतर ठेवा. लहान-मोठ्या चौकटी असतील तर सगळ्यांचा मध्य एका ओळीत आणा. मग चौकटीच्या मापाचे रद्दी कागद कापून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. येता-जाता डोळ्यांना पटलं, की खिळे ठोका.

जागा निवडताना तीन गोष्टी टाळा. एक, थेट ऊन येणारी भिंत. दोन, बाहेरून पावसाचा मारा लागणारी किंवा न्हाणीघराला लागून असलेली भिंत. तीन, चुलीजवळची भिंत. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या चिकटवा. चौकट भिंतीला टेकत नाही, मागून वारा खेळतो आणि ओल धरत नाही.

आणखी एक. गेलेल्या माणसांच्या फोटोला आपण हार घालतो. ताज्या हाराचं पाणी काचेवरून ओघळतं, खाचेत शिरतं आणि फोटो खालून भिजतो. हार जरूर घाला, पण पाणी निथळू द्या आणि संध्याकाळी काढून ठेवा. काचही ओल्या फडक्याने पुसू नका, कोरड्या मऊ फडक्याने पुसा.

अस्सल फोटो अंधारात, प्रत भिंतीवर

आता सगळ्यांत महत्त्वाचं. घरात एकुलता एक असलेला फोटो भिंतीवर लावूच नका! त्याची प्रत काढून ती लावा. फोटो स्टुडिओत नेऊन स्कॅन करता येतो. आईबाबांच्या मोबाइलनेही काम भागतं. खिडकीपाशी, पण थेट उन्हात नाही, फोटो सपाट ठेवा. मोबाइल बरोबर वरून धरा आणि फ्लॅश बंद करा. ते चित्र दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवा. अस्सल फोटो चांगल्या कागदात गुंडाळून, कोरड्या जागी, अंधारात.

आणि फोटो काचेला चिकटलेला असेल तर? ओढू नका. भिजवू नका. वरच्या काचेसकट, आहे तसा त्याचा फोटो काढून घ्या. माझ्या आजीचा चेहरा त्या दिवशी काचेखाली जवळजवळ पूर्ण दिसत होता. ओढण्याआधी मी एक मिनिट थांबून मोबाइल उचलला असता, तर आज तो माझ्याजवळ असता.

फोटोच्या पाठीवर

यंदा आम्ही वर्गात ‘आमची माणसं’ नावाचं छोटं प्रदर्शन भरवलं. घरी अल्बम उघडले गेले आणि भलतीच अडचण समोर आली. किती तरी फोटोंत कोण आहे, हेच कोणाला ठाऊक नव्हतं! एका मुलाच्या घरी फोटोतल्या बाईंबद्दल तीन जणांनी तीन नावं सांगितली. शेवटी दुसऱ्या गावच्या आत्यांना फोन लावला, तेव्हा चौथंच नाव निघालं आणि तेच खरं होतं.

एका मुलीने पणजीचा फोटो मोबाइलवर रंगीत करून आणला. साडी निळी झाली होती. तिची आजी बघून हसायलाच लागली. म्हणाली, “माझ्या आईचं लुगडं अंजिरी होतं. निळं कुठलं काढलंस?” मोबाइल रंगांचा अंदाज करतो, त्याला आठवण नसते. ती असते आजीला. मग आम्ही त्या फोटोखाली चिठ्ठी लावली: ‘लुगड्याचा रंग अंजिरी. सांगणार: आजी.’

आमच्या वर्गात एका मुलीकडे जुना फोटो नव्हताच. ऊसतोडणीला गावोगाव फिरणारं घर, ट्रंक कुठली आणि अल्बम कुठला! ती प्रदर्शनाच्या तयारीत नुसती गोंद-कात्री देत बसली होती. मला हे आधी सुचायला हवं होतं. नंतर सुचलं. तिच्या आजीला शाळेत बोलावलं, व्हरांड्यात उजेडात बसवलं आणि तिने स्वतः माझ्या मोबाइलवर आजीचा काळा-पांढरा फोटो काढला. साधा माउंट, काळी पट्टी. आजीच्या हातावरच्या कोयत्याच्या खुणा त्यात स्पष्ट दिसतात. प्रदर्शनात लोक सगळ्यांत जास्त वेळ त्या फोटोसमोर उभे होते. आजचाच फोटो, पण पन्नास वर्षांनी तोच जुना असेल आणि त्या घरात तो पहिला असेल.

तेव्हा मुलांनो, या रविवारी एवढं कराच. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाजवळ अल्बम घेऊन बसा. हा कोण, ही कोण, कुठे काढला, कोणत्या साली, विचारा. साल पक्कं ठाऊक नसेल तर ‘अंदाजे’ लिहा. मऊ पेन्सिलने फोटोच्या पाठीवर, कडेला, हलक्या हाताने लिहा. पेनाने नको, शाई पुढे उमटते. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नसेल, तर चिठ्ठी लिहून फोटोसोबत ठेवा. फ्रेम पुढच्या महिन्यात केली तरी चालेल. नावं मात्र आजच विचारा, कारण सांगणारी माणसं कायमची नसतात.

माझ्या घरी तो अर्धा फोटो आता नव्या चौकटीत आहे. सायीच्या रंगाचा माउंट, अरुंद सागवानी पट्टी, आतली भिंत, मागे बुचाच्या चकत्या. आजोबा खुर्चीत बसले आहेत. शेजारी पांढरा डाग आहे आणि खुर्चीच्या पाठीवर एक हात आहे. त्यात पाच बांगड्या आहेत. मी मोजल्या आहेत.

हे विसरू नका

• काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंट हवाच.
• माउंट पांढरा किंवा सायीचा, पट्टी साधी आणि अरुंद.
• फोटोला गोंद, चिकटपट्टी, वर्तमानपत्र यांपासून दूर ठेवा.
• ऊन, ओल आणि धूर असलेली भिंत टाळा.
• भिंतीवर प्रत लावा, अस्सल फोटो अंधारात जपा.
• चिकटलेला फोटो ओढू नका. आधी त्याचाच फोटो काढा.
• फोटोतल्या माणसांची नावं आजच लिहा.